टाकी भरून परत

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम कुठे मोडतो ते शोधायचं आणि ती चूक त्याच्या पदरात घालायची, हे माझं काम. "चालतंय की सगळं," असं कुणी म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. ऑफिसच्या बसमधून उतरले तरी ही खोड उतरत नाही. भाजीवालीचा तराजू, इस्त्रीवाल्याचं 'उद्या नक्की', नवऱ्याचं 'पोचतोच आहे', सगळ्यांकडे मी त्याच नजरेनं बघते. त्यामुळे सासूबाईंची गाडी रस्त्यात बंद पडायला लागली, तेव्हा कारण शोधायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

सासूबाई बसवनगुडीत एकट्या राहतात. त्यांच्या सासरची माणसं किती पिढ्या बंगळुरात आहेत, हे कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठीच बोलतात, पण मी पुण्याहून लग्न होऊन आले तेव्हा ती निम्मी अंदाजानं समजून घ्यावी लागायची. भात 'स्वल्प' वाढायचा, पटलं की 'सरी' म्हणायचं आणि पापडाला 'हप्पळ' म्हणायचं. सासूबाईंनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, पण गाडी त्या स्वतः चालवतात. म्हणजे तेव्हा चालवत होत्या. पांढरी, छोटी, पेट्रोलवरची गाडी, सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली. सासरे गेल्यावर ती विकायचा विषय निघाला होता. आलेल्या गिऱ्हाइकाला सासूबाईंनी कॉफी पाजली आणि दारापर्यंत पोचवून परत पाठवलं. गाडीची पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत जाऊन नव्याने नोंदणीही करून आल्या.

हा हट्ट मंगळवारसाठी होता. त्यांची थोरली बहीण, अक्का, जयनगरला मुलाकडे असते. कंबरेचं हाड मोडल्यापासून तिला जिना, बस, रिक्षा काही जमत नाही. या गाडीची पुढची सीट मात्र तिच्या कंबरेला नेमकी बसते. आधी बूड टेकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. दर मंगळवारी सासूबाई जायच्या, अक्काला पुढे बसवायच्या, तिचा बेल्ट स्वतः लावायच्या, आणि दोघी लालबागच्या कडेनं चक्कर मारून कुठल्यातरी झाडाखाली गाडी उभी करून कॉफी प्यायच्या. अक्का म्हणे सोमवारीच साडी काढून ठेवायची. आठवड्यात तिला घराबाहेरचं जे काही दिसायचं ते एवढंच.

शिवरात्र झाली, ऊन तापायला लागलं आणि गाडीनं त्रास द्यायला सुरुवात केली. सिग्नलजवळ रांगेत सरकताना ती दोनचार आचके द्यायची आणि गप्प व्हायची. किल्ली फिरवली तर स्टार्टर फिरतोय पण इंजिन घेत नाही. थोडा वेळ गेला की काही झालंच नाही अशी सुरू. एकदा अक्का आत असताना भर चौकात बंद पडली. मागे हॉर्नचा गोंगाट, पोलिसाची शिट्टी, शेवटी दोन रिक्षावाल्यांनी ढकलून कडेला लावली. अक्काला त्या गडबडीत रडू आलं, आणि ही बातमी तिच्या मुलानं माझ्या नवऱ्याला फोनवर रंगवून सांगितली.

"आईला आता झेपत नाही," नवरा म्हणाला. "क्लच लवकर सोडत असणार. गाडी बंद पडते आणि मग ती घाबरते."

"आई म्हणतात, गाडी आपणहून बंद पडते."

"ती काय, 'मी पाडते' असं म्हणेल?"

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. शेवटी आमचं असं ठरलं की मी ती गाडी चालवून बघायची. माझ्या हातात बंद पडली तर दोष गाडीचा, मग दुरुस्त करू. नाही पडली तर गाडी विकायची. नवऱ्यानं गिऱ्हाईकसुद्धा हेरून ठेवलं होतं. सासूबाईंना यातलं काही सांगितलं नव्हतं, पण त्या मुलाला आणि सुनेला चांगल्या ओळखून आहेत.

माझ्याआधी गॅरेजवाल्यानं हात धुऊन घेतले होते. तो मूळचा निपाणीकडचा. मराठी बोलतो, सासूबाईंना 'अम्मा' आणि मला 'वैनी' म्हणतो. परमुलखात आपली भाषा बोलणारा मेकॅनिक भेटला की लोकांना बरं वाटतं. मला वाटत नाही. गोड बोलणाऱ्याकडे मी दोनदा बघते आणि आपल्या भाषेत गोड बोलणाऱ्याकडे चारदा.

"वैनी, प्लग गेल्यात," तो पहिल्यांदा म्हणाला. प्लग बदलले. गाडी बंद पडली. "मग फिल्टर चोंदला असंल." फिल्टर बदलला. परत बंद पडली. मग कुठला तरी सेन्सर. जुना भाग काढून नवा घातला की नुसता जुनाच पुसून परत बसवला, हे गिऱ्हाइकाला कसं कळणार? म्हणून मी दरवेळी गाडी देण्याआधी बॉनेट उघडायला लावून आतल्या भागांवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. नंतर ठिपक्याचा भाग मला हातात परत हवा. पहिल्या वेळी तो हसला. दुसऱ्या वेळी त्यानं बाटली स्वतःच माझ्या हातातून घेऊन ठिपका लावला. भाग खरोखरच बदलले होते. त्यामुळे माझा संशय कमी झाला नाही, फक्त दुसरीकडे वळला.

त्यानं पेट्रोलचा दाबही मोजून बघितला होता. पाइपला मीटर लावून मला काटा दाखवला. "पंप चांगला हाय बघा. टाकीत असतोय तो, पेट्रोल वर ढकलतोय. त्याला काय झालं न्हाई." काटा अगदी स्थिर होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मग माझी तपासणी सुरू झाली. दोन-तीन आठवड्यांनी एकदा, शनिवारी सकाळी, आम्ही बसवनगुडीला जायचो. आमच्याकडे गाडी नाही, त्यामुळे मोठी खरेदी वगैरे आधीपासूनच सासूबाईंच्या गाडीतून व्हायची. गाडी घेतली की मी पहिल्यांदा पेट्रोल बंकवर, म्हणजे पुण्याच्या भाषेत पेट्रोल पंपावर, जाऊन टाकी भरते. हा माझा नेम आहे आणि त्याला कारण सासूबाईच आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला त्यांनी तिळाच्या वड्यांचा डबा दिला होता. मी तो स्वच्छ घासून, पुसून, रिकामा परत नेला. सासूबाई दारातच म्हणाल्या, "अय्यो, रिकामा डबा कुणी परत देतं का ग?" आणि आत जाऊन मूठभर साखर आणून माझ्या हातातल्या डब्यात घातली. मग तो डबा माझ्याकडून घेतला. माझ्या माहेरीही हीच रीत होती, पण तिकडे डबे परत करायचं काम आईचं होतं. मला इतकी लाज वाटली की त्यानंतर मी त्या घरातलं काहीही रिकामं परत दिलं नाही. गाडीसुद्धा नाही. परत देताना बंकच्या रांगेत अडकायला नको म्हणून आधीच भरून घ्यायची, एवढाच माझा शहाणपणा.

टाकी भरली की मी सासूबाईंचा रस्ता धरायचे. तीच वेळ, तोच सिग्नल, तसंच पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणं. त्या एसी लावतात, मी लावला. त्या पाठीशी उशी घेतात, मीही घेतली. मुद्दाम रांगेत घुसले, मुद्दाम चढावर थांबवली. गाडी शहाण्या मुलीसारखी चालत राहिली. असे चार-पाच शनिवार गेले. आणि मधल्या एखाद्या मंगळवारी सासूबाईंचा फोन यायचाच, की आज परत बंद पडली.

ऑफिसमध्ये आम्ही म्हणतो, सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलली आणि निकाल बदलला, तर कारण त्या गोष्टीत आहे. इथे गाडी तीच, रस्ता तोच, ऊन तेच. बदलत होता फक्त चालवणारा हात. मला यात कुठे फट दिसेना. आणि मला खूप वाईट वाटत होतं, कारण त्या बाईनं मला पुण्याहून आल्यापासून कधी परकं मानलं नव्हतं.

"झालं तर मग," नवरा म्हणाला. "तू सांग तिला. तुझं ऐकेल." कठीण बोलणी माझ्यावर ढकलायची त्याची ही लबाडी मला पाठ आहे. तरी मी गेले.

सासूबाई गच्चीवर हप्पळ घालत होत्या. प्लास्टिकच्या कागदावर गोल ओळी लागल्या होत्या. मी शेजारी बसून गोळे करून द्यायला लागले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून मी हळूच म्हटलं, "आई, मी इतक्या वेळा चालवली. एकदाही बंद पडली नाही."

त्यांचं लाटणं थांबलं नाही. "म्हणजे माझंच चुकतंय."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणू नकोस. मीसुद्धा एक गोष्ट इतके दिवस म्हटली नाही. आता म्हणते. त्या गाडीला तू काहीतरी करतेस."

जगावर संशय घेत फिरणाऱ्या माझ्यावर कुणी संशय घेईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"रागावू नकोस," त्या म्हणाल्या. "पण मी नीट बघितलंय. तू शनिवारी गाडी आणून देतेस. तो मंगळवार बरा जातो. मग काटा खाली यायला लागला की हिचं रडगाणं सुरू. दरवेळी. तू त्या रिंग रोडकडच्या बंकवर जातेस ना, जिथे रांग नसते? रांग का नसते, कधी विचार केलास? त्या पेट्रोलमध्ये काहीतरी असणार. वर वर चांगलं, खाली गाळ. वरचं तू वापरतेस आणि तळाचं माझ्या वाट्याला येतं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम नाही ग," असं म्हणायला त्यांनी जरा जास्तच वेळ लावला. "पण तुम्हाला गाडी विकायची आहे, ते काय मला कळत नाही? तो फोनवर गिऱ्हाइकाशी बोलतो तेव्हा बाल्कनीत जातो. बाल्कनी माझ्या खोलीला लागून आहे."

मला राग आला होता. माझ्यावर, आणि तेही पेट्रोलमध्ये गाळ घालण्याचा आरोप! तोंडापर्यंत उत्तर आलं होतं, पण त्याआधी त्यांचं मधलंच एक वाक्य डोक्यात अडकलं. काटा खाली यायला लागला की.

माझ्या हातात काटा कधी खाली आलाच नव्हता. मी गाडी घ्यायचे आणि आधी टाकी भरायचे. तपासणी भरल्या टाकीवर, गॅरेजला नेली तीही त्याच दिवशी, भरल्या टाकीवर. मीटर लावला तेव्हाही टाकी भरलेली. ऑफिसमध्ये एखाद्या नवख्यानं असं केलं असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं. रिकामं परत देऊ नये म्हणून मी दरवेळी चुकीवर पांघरूण घालत होते आणि मग चूक सापडत नाही म्हणत होते.

"आई, आता काटा कुठे आहे?"

"तळाला. तू भरणार म्हणून मी भरत नाही. भरलेली दिली तर तुला भरायला काय राहणार?"

आम्ही हप्पळ तसेच ठेवून खाली आलो. हाताचं पीठही धड धुतलं नाही. टाकी न भरता मी गाडी काढली आणि जयनगरच्या वाटेला लागले. दुपारचं ऊन, समोर बसची शेपटी, इंच इंच सरकणं. सासूबाई मागे बसल्या होत्या, कारण पुढची सीट अक्काची. तिसऱ्या सिग्नलच्या जरा अलीकडे गाडीनं आचका दिला. मग आणखी एक. आणि बंद.

रस्त्याच्या मधोमध गाडी बंद पडल्याचा एवढा आनंद दुसऱ्या कुणाला झाला नसेल. मागचे हॉर्न मला ऐकूच आले नाहीत. मी किल्ली अर्धी फिरवून कान दिला. एरवी मागच्या सीटखालून बारीक गुणगुण ऐकू यायची, पंप जागा झाल्याची खूण. आता काहीच नाही.

"बंद पडली की नाही?" मागून सासूबाई म्हणाल्या. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. इतक्या आठवड्यांनी त्या हसत होत्या. "की मागे बसून मी क्लच सोडला?"

"पडली," मी म्हटलं. "माझ्या हातात पडली." आम्ही दोघी हसायला लागलो, आणि रिक्षावाला खिडकीशी येऊन आम्हाला काय झालंय ते बघून गेला.

थोड्या वेळानं गुणगुण परत आली आणि गाडी सुरू झाली. तशीच गॅरेजला नेली. मेकॅनिकनं मीटर लावून इंजिन चालू ठेवलं. बराच वेळ काटा ठीक होता, मग थरथरला आणि खाली पडला. त्यानं गाडीखाली जाऊन रबरी हातोडीनं टाकीवर दोन टोले दिले. पंप गुणगुणला, पुन्हा गप्प झाला.

"पंपच हाय," तो म्हणाला. "पेट्रोलमध्ये बुडलेला असतोय म्हणून गार ऱ्हातोय. पेट्रोल खाली गेलं की तापतोय. जुना झालाय, आता ताप सोसत न्हाई."

"मग तुम्ही पंप चांगला आहे म्हणाला होतात."

"तवा चांगलाच चालत हुता की, वैनी," तो म्हणाला आणि पाना शोधायला निघून गेला. प्लग, फिल्टर आणि सेन्सर याबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. मीही तो विषय मनात नीट घडी करून ठेवला.

पंप बदलायच्या दिवशी सासूबाई स्वतः येऊन गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. त्यांनी मेकॅनिकला आधी बॅटरीची तार काढायला लावली, मग आजूबाजूच्यांना बिड्या विझवायला लावल्या. नव्या पंपाचं खोकं आधी उघडलेलं तर नाही ना, हे उलटसुलट करून बघितलं. मागची सीट उचलली तर खाली धुळीत अक्काची कुंकवाची चांदीची करंडी निघाली, मागे ठेवलेल्या तिच्या पिशवीतून कधीतरी निसटलेली. तिच्यापायी अक्कानं कामवालीशी महिनाभर अबोला धरला होता. सासूबाईंनी ती पदरानं पुसून कनवटीला लावली. "हे तिला स्वल्प हळूच सांगायला पाहिजे," त्या म्हणाल्या.

सीटखालचं गोल झाकण उघडलं तसा पेट्रोलचा वास सगळीकडे पसरला. जुना पंप बाहेर आला. काळपट, हाताएवढा, वायरचा जोड करपलेला. एवढ्याशा वस्तूसाठी आम्ही एका बाईच्या हातापायांवर, डोक्यावर संशय घेतला होता. नवा पंप आत जाण्याआधी सासूबाई मला म्हणाल्या, "तुझी ती बाटली कुठे आहे? नव्याला लाव ठिपका. उद्या हा काढून दुसरा घालेल." मेकॅनिकनं मुकाट्यानं पंप पुढे धरला.

नवऱ्याला मी फोन करून सांगितलं की गिऱ्हाइकाला नाही म्हण. तो म्हणाला, "नक्की पंपच होता?" संशय हा संसर्गाचा रोग आहे. मी म्हटलं, काट्यासकट दाखवते. मला त्या दिवशी मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं. सासूबाईंचा मंगळवार मी परत मिळवून दिला होता.

त्या मंगळवारी मी सुट्टी काढली. अक्काला बातमी सांगायची, करंडी द्यायची, आणि दोघींबरोबर झाडाखाली कॉफी प्यायची, असा बेत होता. सासूबाई चालवत होत्या आणि मी शेजारी, अक्काच्या सीटवर. टाकी मुद्दाम अर्ध्यावर ठेवली होती. गाडी छान चालली होती. सासूबाई मध्येच एसी बंद करून पंपाची गुणगुण ऐकायचा प्रयत्न करत होत्या, जी चालत्या गाडीत कुणालाच ऐकू येत नाही.

जयनगरच्या आतल्या रस्त्यावर वाहनं कमी होती. एक बाई भाजीची पिशवी घेऊन फुटपाथवरून खाली उतरली आणि रस्ता ओलांडायला लागली. मला ती लांबून दिसली. मला वाटलं, सासूबाई आता वेग कमी करतील. त्यांनी केला नाही. मी म्हटलं, "आई." मग ओरडले, "आई, ब्रेक!"

गाडी थांबली तेव्हा बॉनेट त्या बाईच्या पिशवीला लागलं होतं. पिशवीला, बाईला नाही. ती कानडीत दोन शब्द सुनावून, पिशवी छातीशी धरून निघून गेली. इंजिन मात्र चालू होतं. क्लच वेळेवर दाबलेला होता.

सासूबाईंनी गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"दिसली नाही ग," त्या म्हणाल्या.

"सावलीत होती, आई. झाडाच्या."

"उन्हात होती."

ती उन्हात होती, लख्ख उन्हात. इतके आठवडे मी भल्याभल्यांवर संशय घेतला होता, आणि आता समोर दिसलं त्यावर मला विश्वास ठेवायचा नव्हता.

"मागेही एकदा असंच झालं होतं," सासूबाई म्हणाल्या. "अक्का ओरडली म्हणून वाचलं. कुणाला सांगू नको म्हणून मी तिच्या पाया पडले. मग गाडी बंद पडायला लागली. मला आधी बरंच वाटलं. वाटलं, दोष गाडीतच आहे, तो सापडला की सगळंच सरी होईल." त्यांनी किल्लीकडे बघितलं. "आता पंप नवा आहे ना?"

"हो."

"ठिपका लावलेला."

"हो, आई."

मला रडू आलं. तो पंप मी शोधलाच नसता तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी वाटून गेलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, जणू गाडी माझ्याच हातून पुढे गेली होती. मग परत गिअर टाकला. मला वाटलं त्या अक्काकडे निघाल्या, पण पुढच्या वळणावर त्यांनी गाडी सावकाश, फार सावकाश, डावीकडे घेतली आणि पेट्रोल बंकवर नेऊन उभी केली. त्यांच्या बंकवर, जिथे रांग असते. आम्ही रांगेत थांबलो.

नंबर आला तेव्हा त्यांनी काच खाली केली आणि कानडीत टाकी पूर्ण भरायला सांगितली, "फुल माडी."

"आई, अर्धी टाकी आहे अजून," मी म्हटलं.

पेट्रोल जाण्याचा आवाज संपेपर्यंत त्या समोर बघत बसल्या. मग गाडी थोडी पुढे घेतली, बंद केली, किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"अक्काला शनिवार चालेल," त्या म्हणाल्या. "विचारते मी तिला."

"पण टाकी कशाला भरलीत? मी भरली असती."

"रिकामी कशी देऊ?"

त्या उतरल्या आणि गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आल्या. मी उतरून जागा दिली आणि चालवायला बसले. दर मंगळवारी अक्काचा बेल्ट त्या स्वतः लावून द्यायच्या. आता तो स्वतःला लावायचा होता, डाव्या खांद्यावरून, आणि त्यांचा हात पुन्हा पुन्हा उजव्या खांद्याकडे जात राहिला.